मदतीच्या आधी माहिती पोहोचली पाहिजे

28 नोव्हेंबर 1945 च्या पहाटे मकरानच्या किनाऱ्यालगत, आज पाकिस्तानात असलेल्या पसनी गावासमोरच्या समुद्रात, मोठा भूकंप झाला. त्याची तीव्रता 8 पेक्षा जास्त होती. त्यातून उठलेली सुनामी काही तासांनी मुंबईला येऊन धडकली आणि इथेही माणसे बुडाली. हाताशी काही तास होते, पण मुंबईला सावध करणारे कोणी नव्हते, कारण तशी व्यवस्थाच नव्हती. पुढची 59 वर्षे हिंदी महासागरात ती उभी राहिली नाही. पॅसिफिक महासागरासाठी हवाई बेटांवर 1949 पासून सुनामीचा इशारा देणारे केंद्र चालू होते. आपल्याकडे मात्र 26 डिसेंबर 2004 उजाडला. त्या दिवशी लाट श्रीलंकेला पोहोचायला सुमारे दोन तास लागले आणि सोमालियाला पोहोचायला जवळजवळ सात. तरी दोन्हीकडे माणसे बेसावध सापडली. डझनभराहून अधिक देशांत मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास माणसे गेली.

देशादेशांतले सहकार्य म्हटले की मदतीची विमाने, तंबू आणि बचाव पथके डोळ्यांसमोर येतात. ते सगळे हवेच. पण जीव वाचवणारे खरे सहकार्य आपत्तीच्या आधी करायचे असते आणि ते रोजचे, बिनप्रसिद्धीचे काम असते. नदीच्या पातळीचा आकडा शेजाऱ्याला कळवणे, भूकंपमापकाची नोंद सर्वांना खुली ठेवणे, रंगीत तालीम एकत्र घेणे, अशा कामांतून ते उभे राहते. हे काम राजकारणाच्या चढउतारांपासून बाजूला काढले पाहिजे, त्यासाठी पैसा आधी दिला पाहिजे आणि त्याचा शेवट गावातल्या शेवटच्या घरापर्यंत नेला पाहिजे. माझे मुद्दे असे:

1. आपल्यावर येणाऱ्या अनेक संकटांचे मूळ आपल्या हद्दीबाहेर असते.

कोकण किनाऱ्याला सुनामीचा मोठा धोका आहे तो मकरानच्या पट्ट्याकडून, आणि तो पट्टा पाकिस्तान व इराणच्या किनाऱ्यालगत आहे. ब्रह्मपुत्रा तिबेटातून येते, कोसी नेपाळमधून. जुलै 2025 मध्ये तिबेटातल्या एका हिमतळ्याचे पाणी फुटून भोटेकोसीला पूर आला आणि रसुवागढी येथील नेपाळ-चीन मैत्री पूल वाहून गेला. तळे एका देशात फुटले आणि माणसे दुसऱ्या देशात वाहून गेली. अशा ठिकाणी आपल्या हद्दीत कितीही यंत्रे बसवली तरी पहिली खूण शेजाऱ्याच्या यंत्रावरच उमटणार. ती त्याने कळवली तर आपल्याला वेळ मिळतो. कळवली नाही तर पाणी दारात आल्यावरच कळते.

2. वेळेवर मिळालेल्या माहितीने माणसे वाचतात, हे आपल्याच शेजारात सिद्ध झाले आहे.

नोव्हेंबर 1970 च्या भोला चक्रीवादळात तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात किमान तीन लाख माणसे मेली असे मानले जाते. त्यानंतर दोन गोष्टी घडल्या. जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा आशिया-पॅसिफिक आयोग यांनी बंगालचा उपसागर व अरबी समुद्राभोवतीच्या देशांचा चक्रीवादळ गट उभा केला. आज त्यात 13 देश आहेत आणि त्या सर्वांना चक्रीवादळाचे अंदाज दिल्लीतल्या भारतीय हवामान खात्याच्या केंद्रातून जातात. भारत, पाकिस्तान, इराण, सौदी अरेबिया, येमेन, म्यानमार एका टेबलाशी बसतात ते या कामासाठी.

दुसरी गोष्ट बांगलादेशाच्या गावांत घडली. सरकार आणि रेडक्रॉस यांनी मिळून चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम सुरू केला. आज त्याचे 70 हजारांहून अधिक स्वयंसेवक आहेत आणि त्यांत निम्म्या स्त्रिया आहेत. इशारा आला की स्वयंसेवक बांबूवर लाल झेंडा चढवतो. धोका वाढला की दुसरा झेंडा चढतो आणि तिसरा चढला की घर सोडायचे, हे वाचता न येणाऱ्या म्हातारीलाही ठाऊक असते. मग हाताने फिरवायचा भोंगा आणि कर्णा घेऊन माणसे वाडीवाडीतून फिरतात. बाईच्या दाराशी बाई जाते, कारण परपुरुषाच्या सांगण्यावरून घर सोडायला अनेकजणी तयार नसत. वाटेत निवारा केंद्र कुठे आहे, गुरे कुठे बांधायची, हेही आधीच ठरलेले असते. 1991 च्या वादळात तिथे 1 लाख 38 हजारांच्या आसपास माणसे दगावली होती. 2007 च्या सिद्र वादळात हा आकडा साडेतीन हजारांच्या आत आला आणि 2020 च्या अम्फान वादळात काही डझनांवर.

ओडिशाची कहाणी अशीच आहे. ऑक्टोबर 1999 च्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास बळी गेले. ऑक्टोबर 2013 मध्ये फायलिन आले तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलवले होते आणि बळींची संख्या पन्नासच्या आत राहिली. मधल्या काळात जागतिक बँकेच्या कर्जातून निवारा केंद्रे बांधली गेली, गावोगाव स्वयंसेवक तयार झाले आणि हवामान खात्याचे अंदाज अचूक होत गेले. परक्याचा पैसा, आपले शास्त्रज्ञ आणि गावातली माणसे एकत्र आली की काय होते याचा हा धडधडीत पुरावा आहे.

3. इशारा राजधानीत अडकला तर तो असून नसल्यासारखा.

मे 2008 मध्ये नर्गिस चक्रीवादळ म्यानमारच्या इरावदीच्या मुखाशी धडकले. भारतीय हवामान खात्याने म्यानमारला सुमारे 48 तास आधी इशारा दिला होता. म्हणजे देशादेशांतला दुवा पक्का होता. तो तुटला देशाच्या आत. खाडीकाठच्या गावांना काय येते आहे, कुठे जायचे, हे धड कोणी सांगितले नाही आणि जायला निवारेही नव्हते. 1 लाख 38 हजारांच्या आसपास माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. वर तिथल्या लष्करी राजवटीने परदेशी मदत कित्येक दिवस अडवून धरली. करार झाला, उपग्रह फिरू लागले, पडद्यावर नकाशा दिसू लागला एवढ्यावर कोणत्याही सरकारने स्वतःची पाठ थोपटून घेऊ नये. हिशेब किनाऱ्यावरच्या शेवटच्या झोपडीत मांडायचा असतो.

4. पुराचे आकडे सीमावादाचे हत्यार होता कामा नयेत.

पावसाळ्यात ब्रह्मपुत्रेच्या पातळीची माहिती चीनने भारताला द्यायची असा करार 2002 मध्ये झाला. 2017 मध्ये डोकलामचा तणाव झाला आणि त्या वर्षी ती माहिती आली नाही. पुढच्या वर्षी पुन्हा सुरू झाली. सीमेवरच्या भांडणाची शिक्षा आसामातल्या शेतकऱ्याने का भोगायची? उलट बाजूचे उदाहरणही सांगितले पाहिजे. एप्रिल 2025 मध्ये भारताने सिंधू जल करार स्थगित केला. तरीही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तवी नदीला पूर चढू लागला तेव्हा भारताने माणुसकीच्या भूमिकेतून पाकिस्तानला उच्चायुक्तालयामार्फत सावध केले. हे योग्यच झाले.

शत्रूराष्ट्राला माहिती कशाला द्यायची, असे काही जण विचारतील. या शंकेला सरळ उत्तर आहे. पुराच्या पातळीत लष्करी गुपित नसते. ते पाणी काही तासांत पुढच्या देशात पोहोचणारच असते. शिवाय आपण वरच्या अंगाला असू तिथे माहिती रोखली, तर आपण खालच्या अंगाला आहोत तिथे कोणत्या तोंडाने मागणार? मकरानमध्ये उद्या समुद्रतळ हलला तर ग्वादर, कराची आणि ओमानच्या किनाऱ्यावरच्या भरतीमापकांची नोंद रत्नागिरीला उपयोगी पडणार आहे. म्हणून ही देवाणघेवाण कोणाच्या मर्जीवर ठेवू नये. करार मोडला, राजदूत परत गेले, सार्कची शिखर परिषद 2014 नंतर भरलीच नाही, तरी यंत्रांनी आपोआप माहिती पाठवत राहावे, अशी तजवीज शांततेच्या काळात करून ठेवायची असते.

5. संयुक्त बांधकामाची जबाबदारी कोणाची, हे कागदावर आणि जागेवर स्पष्ट असले पाहिजे.

18 ऑगस्ट 2008 रोजी नेपाळमधल्या कुसहा येथे कोसीचा बंधारा फुटला. नदीने पात्र बदलले आणि बिहारमधल्या तीस लाखांहून अधिक लोकांचे हाल झाले. त्या बंधाऱ्याची क्षमता साडेनऊ लाख क्युसेक धरलेली होती आणि तो फुटला तेव्हा पाणी होते दीड लाख क्युसेकच्याही आत. पूर त्याच्या आवाक्यातला होता. बंधारा फुटला तो देखभालीअभावी. जमीन नेपाळची, 1954 च्या करारानुसार देखभाल भारताची आणि प्रत्यक्ष काम बिहार सरकारचे. दोष कोणाचा यावर नंतर भरपूर वाद झाला. दुरुस्तीची वेळ मात्र तोवर निघून गेली होती. संयुक्त प्रकल्पावर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी दोन्ही देशांच्या अभियंत्यांनी एकत्र पाहणी करावी, अहवाल लोकांपुढे ठेवावा आणि दुरुस्तीचा खर्च आधीच बाजूला काढलेला असावा, इतकी साधी ही मागणी आहे.

6. पैसा आधी द्यावा. नंतर दिलेला महाग पडतो.

संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबानुसार 2010 ते 2019 या काळात आपत्तींसाठी दिलेल्या आंतरराष्ट्रीय मदतीतल्या दर शंभर रुपयांतले जेमतेम चार-पाच रुपये आपत्ती टाळण्यावर किंवा तयारीवर गेले. बाकी सगळे मदत आणि पुनर्बांधणीवर. आधी खर्च केला की काय होते ते नेपाळमध्ये दिसले. एव्हरेस्टच्या पायथ्याजवळच्या इम्जा हिमतळ्याची पातळी 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने आणि नेपाळी सैन्याच्या कष्टाने तीन मीटरहून जास्त उतरवली गेली. काठमांडू खोऱ्यात परदेशी साहाय्याने दीडशेहून अधिक शाळांच्या इमारती भूकंपापूर्वी मजबूत केल्या होत्या. एप्रिल 2015 च्या भूकंपात त्या उभ्या राहिल्या.

महाराष्ट्राला हे वेगळे सांगायला नको. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत माणसे मेली ती दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे ओझे अंगावर कोसळून. त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला, गवंड्यांना प्रशिक्षण मिळाले, राज्यात आपत्ती व्यवस्थापनाचा पाया घातला गेला. हीच विद्या आधी पोहोचली असती तर? किल्लारीत आपण जी किंमत मोजली ती दुसऱ्या कोणाला मोजावी लागू नये, यासाठी आपल्या गवंड्यांचे आणि अभियंत्यांचे ज्ञान इतर देशांना देणे हेही सहकार्यच आहे. भारताने 2019 मध्ये पुढाकार घेऊन आपत्तींना तोंड देणाऱ्या पायाभूत सुविधांसाठी देशांची आघाडी उभी केली. तिचे मुख्यालय दिल्लीत आहे. तिचे काम पूल आणि वीजवाहिन्यांइतकेच मातीच्या घरांपर्यंत आणि जिल्हा परिषदेच्या शाळांपर्यंत आले पाहिजे.

7. जगाला सांगतो ते घरात पाळले पाहिजे.

पंचगंगेला आणि कृष्णेला पूर आला की कोल्हापूर-सांगलीत नजर लागते ती कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या पातळीकडे. 2019 च्या पुरानंतर विसर्गावरून दोन राज्यांत वाद रंगला. एकाच देशातली दोन राज्ये ताशी आकडे एकमेकांना बिनशर्त आणि लोकांना दिसतील असे देत नसतील, तर आपण चीनला काय सांगणार?

कोकणातही तपासून पाहावे. हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेत 2007 पासून सुनामी इशारा केंद्र आहे. भारत, ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशिया हे तीन देश मिळून 2011 पासून सगळ्या हिंदी महासागराला इशारे देतात. शास्त्राचा भाग मजबूत आहे. पण जेट्टीवर बर्फ भरणाऱ्या खलाशाला, समुद्रात असलेल्या तांडेलाला आणि किनाऱ्यावर मासळी वाळत घालणाऱ्या बाईला तो इशारा कोण, कसा आणि किती मिनिटांत सांगणार? बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की वादळाचे कळते, पण सुनामीत कोणत्या वाटेने कोणत्या टेकडीवर चढायचे याची पाटी किती गावांत आहे? जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीत वीज गेली, मोबाइलचे मनोरे बंद पडले. सगळा भरवसा मोबाइलवर ठेवता येत नाही, हे तेव्हाच कळले. भोंगा, बावटा, देवळाचा व मशिदीचा ध्वनिक्षेपक आणि पायी फिरणारा माणूस लागतोच. ओडिशातल्या वेंकटरायपूर आणि नोलियासाही या गावांना युनेस्कोच्या महासागर आयोगाने 2020 मध्ये ‘सुनामी सज्ज’ म्हणून मान्यता दिली. कोळीवाड्यांनी आणि खाडीकाठच्या ग्रामपंचायतींनी तोच मान मिळवायला हवा.

8. मुदत जवळ आली आहे, म्हणून आता विचारले पाहिजे.

मार्च 2015 मध्ये जपानमधल्या सेंडाई येथे 187 देशांनी आपत्तीची जोखीम घटवण्याचा आराखडा मान्य केला. त्याची मुदत 2030 ला संपते. जगातल्या प्रत्येक माणसाला आपत्तीचा पूर्वइशारा मिळावा, हे संयुक्त राष्ट्रांनी ठरवले त्याची मुदत तर 2027 अखेर आहे. ही वचने आपल्या सरकारच्या नावावर दिलेली आहेत आणि त्यांचा जाब विचारण्याचा हक्क आपला आहे.

तेव्हा वाचकांना विनंती आहे. 5 नोव्हेंबर हा जागतिक सुनामी जागृती दिन असतो. त्याआधीच्या ग्रामसभेत किंवा प्रभाग सभेत चार गोष्टी मागा: इशारा देणाऱ्या माणसाचे नाव फलकावर लावा, सुरक्षित जागेची वाट रंगवून दाखवा, शाळेची इमारत तपासून घ्या आणि वर्षातून एकदा सगळ्या गावाची रंगीत तालीम घ्या. खासदार भेटले तर त्यांना विचारा की शेजारी देशांशी पुराच्या आणि समुद्राच्या माहितीची देवाणघेवाण कायम चालू राहावी यासाठी तुम्ही संसदेत काय मांडले. लोक विचारू लागले की ते मांडले जाईल.