पद रद्द झाले, माणसाचे काय?

पद निर्माण करणे किंवा रद्द करणे हा सरकारचा अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली रामनाथ पिल्लई खटल्यात सांगितले. पद गेल्याने नोकरी गेली तर ती शिक्षा ठरत नाही, म्हणून घटनेच्या ३११ व्या कलमाचे संरक्षण तेथे लागू होत नाही. वाटाघाटीला बसले की प्रशासन हेच पुढे करते. आम्ही ते नाकारत नाही. वाफेची इंजिने जन्मभर चालवा, असे आम्ही कधीच म्हटले नाही. पण पद रद्द करणाऱ्यावर त्या पदावरच्या कायम कामगाराची जबाबदारी येते, आणि ती मेहेरबानी नव्हे.

स्टीम शेड बंद झाल्या तेव्हाचे जुन्या मंडळींना आठवत असेल. फायरमनला ट्रेनिंग देऊन डिझेल असिस्टंट केले. क्लीनर, कोलमन इतर खात्यांत गेले. रेल्वे काही बुडाली नाही.

खरे भांडण सीनियॉरिटीचे आहे. पगार सांभाळला की कर्तव्य संपले, असे साहेबलोक समजतात. वीस वर्षे नोकरी झालेला माणूस नव्या खात्यात सर्वांत खाली बसला, तर प्रमोशनच्या आधी रिटायरमेंट येते. त्याला वर बसवले तर तिथले जुने लोक आमच्याकडेच तक्रार घेऊन येतात, आणि त्यांचेही चूक नसते. म्हणून सरप्लस माणसाबरोबर त्याचे जादा पद न्यावे आणि त्याच्या निवृत्तीबरोबर ते संपवावे. भुसावळच्या माणसाला सोलापूरला पाठवायचे तर क्वार्टर आणि मुलांच्या शाळेचे वर्ष आधी पाहावे.

हे अशक्य नाही. नोकरीत अपंगत्व आलेल्याला काढता येत नाही, त्याचा पगार कमी करता येत नाही, आणि योग्य जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत त्याला जादा पदावर ठेवावे लागते. १९९५ च्या कायद्याने हे दिले, २०१६ च्या कायद्याने कायम ठेवले. दृष्टी गेलेल्या ड्रायव्हरला जे मिळते, ते शेड गेलेल्या फिटरला का नको? कपातीची भरपाई म्हणाल तर कायद्यात वर्षाला पंधरा दिवसांचा पगार. म्हणजे वीस वर्षांचे दहा महिने!

टपालातील बांधवांनी हे रेल्वेचेच दुखणे समजू नये. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले. दोन कामांचे एक झाले की माणसे मोजायला कोणीतरी येतोच.

जुन्या पेन्शनच्या नियमांत एक तरतूद आहे. पद रद्द झाले आणि तोडीचे दुसरे पद मिळाले नाही, तर कमी पगाराचे पद घ्यायचे की नुकसानभरपाई पेन्शन, हे कर्मचाऱ्याने ठरवायचे, साहेबांनी नव्हे. तेव्हा असा ऑप्शनचा कागद हाती आला तर त्याच दिवशी सही करू नका. प्रत घ्या, ब्रँच सेक्रेटरीला दाखवा, आणि सीनियॉरिटी कुठे धरणार हे लेखी मागा.