छोटी असली तरी घोरपडच ती



सध्या आपल्याकडच्या मुलांना मोबाईलवर पाहून नवं वेड लागलंय. कुत्रा-मांजर नको, घोरपड हवी! वन बीएचकेत मावेल अशी छोटी जात कुठली, असं आयाच विचारू लागल्या आहेत. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत सगळ्यांचं कारण एकच, ‘जागा कमी आहे गं’. मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो.

आधी कायदा. आपल्या देशी घोरपडीच्या चारही जाती वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. घरात ठेवणं हा गुन्हा आहे, आणि शिक्षा किमान तीन वर्षं तुरुंगवास. म्हणून विकणारे परदेशी जात पुढे करतात. ऑस्ट्रेलियातली ‘ॲकी’ जेमतेम दोन फुटांची. पण ऑस्ट्रेलिया आपले सरपटणारे प्राणी व्यापारासाठी बाहेर जाऊच देत नाही, आणि आपल्याकडे आता अशा परदेशी प्राण्याची सरकारकडे नोंदणी बंधनकारक आहे. दुकानदाराकडे आयातीचे कागद मागून बघा. थायलंडहून येणाऱ्या प्रवाशांच्या बॅगांत कोंबलेले सरडे-साप मुंबई विमानतळावर पकडले जातात, ते कुणासाठी आणलेले असतात?

बरं, कागद मिळाले असं धरू. ‘छोट्या’ ॲकीला निदान चार फूट लांब, दोन फूट रुंद पेटी लागते. ती बीळ खणणारी, म्हणून आत फूटभर ओलसर माती-वाळू. नुसत्या मातीचं वजन तीनशे किलोच्या पुढे जातं. शेकायला साठ अंशांच्या वर तापलेला दगड, त्यासाठी दिवसभर दिवे. आपल्यातल्या कितीजणींच्या देव्हाऱ्याला चार फूट जागा आहे?

पण जागा असती, घाटकोपरला चार खोल्यांचा फ्लॅट असता, तरी मी नकोच म्हटलं असतं. घोरपड खाते काय? झुरळं, रातकिडे, टोळ, कधी उंदराची पिल्लं, आणि बहुतेक जिवंतच. ‘पनीर चालतं, फळं चालतात’ असं सांगणारा विक्रेता खोटं बोलतोय. म्हणजे ज्या स्वयंपाकघरात बटाटा येत नाही, पिठातला किडा आपण अलगद कुंडीजवळ सोडतो, तिथे खाटेखाली डब्यात झुरळं वाढवायची, ती मारण्यासाठी. ‘मी कुठे मारते, ती खाते’ ही पळवाट आपल्याला नाही. कृत, कारित, अनुमोदना, तिन्ही आपल्याला लहानपणापासून शिकवलंय.

मग खायला द्यायचं नाही? अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आठवा: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. पेटीत कोंडलं की बंध. किडे दिले की हिंसा. नाही दिले की अन्नपाननिरोध. घोरपड मांसाहारी आहे यात तिचा काहीच दोष नाही, जंगलात ती तिच्या स्वभावाने जगते. तिला आपल्या घरात आणून हा पेच आपणच उभा करतो, आणि तोही पंधरा वर्षांसाठी.

‘पण ही तर जीवदया झाली, दुकानातून सोडवली ना!’ असंही एकीने मला ऐकवलं. एक सोडवली की दुकानदार त्याच पैशात दुसरी मागवतो. पैसे देऊन सोडवणं म्हणजे त्याचं गिऱ्हाईक होणं.

जाता जाता एक सांगते. पूजेच्या दुकानात ‘हत्था जोडी’ म्हणून मिळणारी, भरभराटीसाठी तिजोरीत ठेवायची मुळी बरेचदा मुळी नसतेच. ते नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. कुणाच्या तिजोरीत असेल तर आजच विचार करा.

मुलाला घोरपड आवडते यात वावगं काही नाही. पावसाळा सरला की सकाळी त्याला बोरिवलीच्या संजय गांधी उद्यानात न्या (सोमवारी बंद असतं), कान्हेरीच्या वाटेवर उन्हात खडकांकडे नीट बघत चाला. दिसेलच असं नाही. आणि पावसात सोसायटीच्या आवारात घोरपड आली तर वॉचमनला काठी घेऊ देऊ नका. मुलांना लांब उभं करा आणि वनविभागाच्या 1926 या नंबरवर फोन करा.