बंदर म्हणजे शहर नव्हे

‘आशिया पाहायचा तर क्रूझनेच’ हे गेल्या अंकातील पत्र वाचले. ज्येष्ठांना रोज सामान बांधावे लागत नाही, हा त्यातला मुद्दा रास्तच आहे. पण कार्यक्रमपत्रिकेत ‘बँकॉक’ छापलेले असले, तरी मोठी जहाजे सहसा लाएम चाबांग बंदराला लागतात. तिथून शहर सुमारे सव्वाशे किलोमीटर! जाण्यायेण्यातच चारेक तास मोडतात आणि वाट अरुण मंदिर घाईघाईत उरकावे लागते. अंगकोर वाट तर समुद्रापासून दूर, सिएम रीपजवळ. जवळच्याच बायोन मंदिराचे दगडी चेहरे निवांत पाहायचे तर तिथे मुक्कामच हवा. हालाँगचा उपसागर जरूर बोटीतून पाहावा. बाकी आशिया जमिनीवरूनच. निदान पैसे भरण्यापूर्वी जहाज कोणत्या बंदरात, किती तास थांबणार, हे प्रत्येकाने विचारून घ्यावे.

— एक वाचक, पुणे