जोडीची तबकडी आणि दूरची प्रत

चेन्नईच्या नुंगंबाक्कम भागात, प्रादेशिक हवामान केंद्राच्या आवारात, ग्रॅनाइटचा एक उंच स्तंभ उभा आहे. १७९२ साली तेथे ईस्ट इंडिया कंपनीची वेधशाळा उभारण्यात आली. हा स्तंभ तिच्या उपकरणाचा आधार होता. वेधशाळेच्या स्थापनेची हकीकत त्यावर अनेक भाषांत कोरलेली आहे. एखादी भाषा वाचणारे उरले नाहीत, तरी दुसरी वाचणारे असतील, हा लाभ त्यात आहे. परंतु शिळाच भंगली, तर सर्व भाषा एकदमच लुप्त होतील. संगणकावर नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेने हा भेद समजून घेणे अगत्याचे आहे.

आज शाळांचे दाखले व ग्रंथालयांच्या सूची सर्व्हरवर साठविल्या जातात. एक तबकडी निकामी झाल्यास काम थांबू नये, म्हणून अनेक तबकड्यांचा मिळून एक साठवण-संच करतात. तोच मजकूर दोन तबकड्यांवर लिहिला जातो, किंवा हरवलेला भाग गणिताने पुन्हा काढता येईल अशी जादा माहिती सर्वांवर वाटून ठेवली जाते. १९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी या पद्धतीची पद्धतशीर मांडणी केली व तिला ‘रेड’ हे नाव दिले. ही योजना उपयुक्त आहे, यात शंका नाही. मात्र चुकून पुसलेली नोंद जोडीच्या तबकडीवरूनही त्याच क्षणी पुसली जाते. आणि डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईत आला तसा पूर आला, तर एका पेटीतील सर्व तबकड्या एकाच पाण्यात भिजतात.

समजा, एके सकाळी सर्व्हर सुरूच होत नाही. यंत्र बंद पडले म्हणजे नोंदी नष्ट झाल्या, असा अर्थ सहसा नसतो. बिघाड विद्युत्पुरवठ्यात, एखाद्या तारेत किंवा यंत्र चालविणाऱ्या प्रणालीतही असू शकतो. खरी हानी पुष्कळदा त्यानंतरच्या घाईत होते. त्याच तबकड्यांवर प्रणाली नव्याने बसविणे किंवा नवा संच निर्माण करणे म्हणजे जुन्या अक्षरांवर नवी अक्षरे गिरविणे होय.

म्हणून प्रथम लिहिणे थांबवावे. तबकड्यांना क्रमांक देऊन त्यांच्या जागा कागदावर टिपाव्यात. नंतर यंत्र दुसऱ्या साधनावरून, उदाहरणार्थ पेन ड्राइव्हवरून, सुरू करावे. झेडएफएससारख्या पद्धतीत संचाची रचना त्याच्या प्रत्येक तबकडीवर नोंदलेली असते; त्यामुळे दुसरे यंत्रही तो ओळखू शकते. संच केवळ वाचण्यापुरता उघडावा आणि सर्वांत मोलाच्या नोंदी आधी बाहेर काढाव्यात. एखादी तबकडी अडखळत असेल, तर तिची जशीच्या तशी नक्कल निरोगी तबकडीवर उतरवून पुढील प्रयोग त्या नकलेवर करावेत. झेडएफएसमध्ये नवा मजकूर जुन्यावर न लिहिता निराळ्या जागी लिहिला जातो. म्हणून अखेरचे काही व्यवहार सोडून देऊन किंचित आधीच्या सुसंगत स्थितीकडे परतणे कधीकधी साधते. तथापि हा शेवटचा उपाय आहे. रचनेला सोसवतील त्याहून अधिक तबकड्या नष्ट झाल्या, तर कोणतेही कौशल्य कामी येत नाही. तेथे अन्यत्र ठेवलेली प्रतच उपयोगी पडते.

नुंगंबाक्कमचा इतिहास याचीच साक्ष देतो. तेथील १८२२ ते १८४३ या वर्षांची हवामान-नोंदवही १८४४ मध्ये मद्रास येथे छापण्यात आली. छापलेली नोंद एका कपाटावर अवलंबून राहत नाही. पुढे १८९९ मध्ये खगोलवेधांचे कार्य कोडाईकनालला गेले, पण जुने आकडे वाचणे शक्य राहिले. १७९६ पासूनच्या अशा नोंदींच्या आधारे मद्रासच्या वायुभाराचा दीर्घ इतिहास संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केला. मान्सूनच्या अभ्यासाला दोनशे वर्षांची अशी मालिका सहजासहजी मिळत नाही. गेलेल्या दिवसाचा वायुभार पुन्हा मोजता येत नाही. नोंद गेली की तो दिवस विज्ञानाला कायमचा अंतरतो.

दुसऱ्या प्रतीचा खर्च लहान संस्थेला परवडत नाही, असे म्हटले जाते. वस्तुतः जेथे पैसा थोडा आहे, तेथे जोडीच्या तबकडीपूर्वी वेगळ्या इमारतीतील प्रतीचा विचार झाला पाहिजे. काही तास काम थांबणे सोसता येते. पन्नास वर्षांची नोंदवही गमावणे सोसता येत नाही. ही प्रत सर्व्हरला सतत जोडलेली नसावी. नोंदी कुलूपबंद सांकेतिक रूपात असतील, तर त्यांची किल्लीही निराळी जपावी. वर्षातून एकदा तरी ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून, चार नोंदी मूळ कागदांशी ताडून पाहाव्यात. शाळेत किंवा ग्रंथालयात हे काम कोणी व कोणत्या महिन्यात करावयाचे, हे संस्थेच्या नियमांतच लिहिलेले असावे.