कार्डाआधी डिस्क

गेल्या मे महिन्यात डोंबिवलीहून भाच्याचा फोन आला. "मामा, एक्सबॉक्सची जागा संपली. मागे लावायचं कार्ड घ्यायचं म्हणतोय. बाबा म्हणाले, आधी मामाला विचार." त्याच्याकडे एक्सबॉक्स सिरीज एस आहे. मी त्याला एवढंच विचारलं, की गेल्या महिन्याभरात खेळलास असे गेम किती? त्याने मनात मोजलं आणि म्हणाला, "दोन. आणि मित्र आले की फुटबॉलचा." यंत्रात भरलेले होते अकरा.

कार्ड घेऊ नको, असं मी त्याला सांगितलं. त्यावर त्याने आणि पुढे त्याच्या मित्रांनी बरेच मुद्दे काढले. त्यातले काही मुद्दे दमदार होते. पोरांच्या हट्टाचं काय एवढं, असं म्हणून ते उडवून लावणं मला पटत नाही, कारण मागितलेली रक्कम कोणत्याही मध्यमवर्गीय घरात विचार करून काढावी लागते. म्हणून हा खटाटोप.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. सिरीज एस आणि सिरीज एक्स ही दोन्ही यंत्रं 10 नोव्हेंबर 2020 रोजी बाजारात आली, भारतातही त्याच दिवशी. एसची इथली किंमत होती 34,990 रुपये, एक्सची 49,990. एसमध्ये 512 जीबीची एसएसडी (वेगवान साठवण), पण यंत्राची स्वतःची प्रणाली वगळता हाती उरते 364 जीबी. एक्समध्ये एक टीबी, हाती 802. दोन्हींच्या पाठीमागे एक चपटी खाच असते. तिच्यात बसणारं, काडेपेटीहून लहान असं कार्ड सीगेटने बनवलं, आणि एक टीबीच्या कार्डाची अमेरिकेतली सुरुवातीची किंमत होती 219.99 डॉलर. दिसायला ते महागड्या कॅमेऱ्यात घालतात त्या सीएफएक्सप्रेस कार्डासारखं आहे, पण कॅमेऱ्याचं कार्ड इथे चालत नाही.

कार्डाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा पहिला मुद्दा वेगाचा. आणि तो खरा आहे, हे मी आधीच मान्य करतो. सिरीज एक्स-एससाठी खास बांधलेले नवे गेम बाहेरच्या यूएसबी डिस्कवरून चालत नाहीत. एक्सबॉक्सवाल्या मायक्रोसॉफ्टने मुद्दाम अडवलंय, असं बरेच जण रागाने म्हणतात. ते चूक आहे. यंत्रातल्या एसएसडीचा वेग सेकंदाला 2.4 जीबी. साधी फिरती हार्ड डिस्क सेकंदाला शंभर ते दीडशे एमबी देते, म्हणजे वीस पट कमी. यूएसबीवरची चांगली एसएसडीसुद्धा चारशे-पाचशे एमबीच्या घरात राहते. नवे गेम असे रचलेले असतात, की तुम्ही गाडी हाणत असताना पुढचा रस्ता, झाडं, इमारती डिस्कवरून त्या क्षणी ओढून घेतल्या जातात. हळू डिस्कवर हे जमणार नाही. कार्डावर जमतं, कारण कार्डाचा वेग आतल्या एसएसडीच्या तोडीचा आहे. कार्ड उत्तम बनवलेलं आहे. दहा सेकंदांत बसतं, पेचकस लागत नाही, काढून मित्राच्या एक्सबॉक्सला लावून स्वतःच्या खात्याने खेळता येतं. वस्तूत खोट नाही.

पण इथून जो पुढचा निष्कर्ष काढला जातो, तो मला अजिबात मान्य नाही. यूएसबीवरून नवे गेम चालत नाहीत, म्हणून कार्डाला पर्याय नाही, असं म्हणतात. चालत नाहीत, पण राहतात. नवे गेम यूएसबी डिस्कवर ठेवता येतात आणि खेळायचे असतील तेव्हा आत आणता येतात. कंपनीने ही सोय पहिल्या दिवसापासून दिली आहे, आणि कार्डाची चर्चा करताना नेमकी तीच कोणी सांगत नाही.

आपल्या घरात चकलीचा सोऱ्या असतो, मोदकपात्र असतं, पंचवीस माणसांचा भात होईल असं पातेलं असतं. ते ओट्यावर ठेवलं, तर रोजचा चहा करायला जागा उरणार नाही. ते माळ्यावर असतं. दिवाळी आली की स्टूल घेऊन काढायचं, काम झालं की घासूनपुसून परत वर. माळा असताना कोणी सोऱ्यासाठी दुसरा ग्रॅनाइटचा ओटा बांधत नाही. एसएसडी हा ओटा आहे. साधी यूएसबी हार्ड डिस्क हा माळा. कार्ड म्हणजे दुसरा ओटा, आणि तो ओट्याच्याच भावाने मिळतो.

माळ्यावरून सामान काढायला किती वेळ लागतो? शंभर जीबीचा गेम सेकंदाला शंभर एमबीने आत आणायचा तर हजार सेकंद, म्हणजे सतरा मिनिटं. शनिवारी दुपारी हलवायला लावायचं, जेवून यायचं, गेम तयार. बाहेरची डिस्क एसएसडी असेल, तर चार-पाच मिनिटांचं काम. शिवाय जुने, म्हणजे एक्सबॉक्स वनच्या आणि त्याआधीच्या पिढ्यांचे गेम थेट यूएसबी डिस्कवरूनच चालतात. 'रेड डेड रिडेम्प्शन 2'ची 2018 ची एक्सबॉक्स वन आवृत्ती एकटी शंभर जीबीहून जास्त जागा खाते. ती आत ठेवायचं कारणच नाही. भाच्याच्या अकरा गेमपैकी पाच असे जुने निघाले. ते हलवले आणि निम्मी जागा मोकळी झाली. कार्डासाठी पैसे मागितले गेले होते, ते या निम्म्या जागेसाठी.

(एक सावधगिरी सांगायलाच हवी. गेम ठेवण्यासाठी डिस्क एक्सबॉक्सला लावली, की ती आधी पूर्ण पुसली जाते. मुंजीचे, लग्नाचे फोटो असलेली घरातली डिस्क चुकूनही लावू नका. डिस्क नवी घ्या. यूएसबी 3.0 ची आणि किमान 128 जीबीची हवी.)

दुसरा मुद्दा इंटरनेटचा, आणि तो मांडताना मुलांचा आवाज चढतो. एसमध्ये तबकडीची सोयच नाही, प्रत्येक गेम उतरवून घ्यावा लागतो. "एकदा काढला की परत उतरवायला रात्र जाते." अगदी बरोबर. 40 एमबीपीएसच्या जोडणीवर शंभर जीबीला साडेपाच तास लागतात, तेही लाइन एकदाही न तुटता. शंभर एमबीपीएस असेल तरी सव्वादोन तास. तालुक्याच्या गावी पावसाळ्यात काय होतं, ते तिथे राहणाऱ्यांना सांगायला नको. पण हे दुखणं परत उतरवण्याचं आहे, आणि त्याचं औषध माळाच आहे. गेम पुसायचा नाही, हलवायचा. मग इंटरनेटचा संबंधच उरत नाही. साडेपाच तास विरुद्ध सतरा मिनिटं, ही खरी तुलना. कार्ड त्या सतरा मिनिटांची शून्य मिनिटं करतं. कार्डाचे सगळे पैसे त्या सतरा मिनिटांसाठी जातात.

गेम काढला की आतापर्यंतचं खेळणं वाया जातं, ही भीती मला मोठमोठ्या मुलांमध्येही दिसली. ती निराधार आहे. एक्सबॉक्सवर तुमची प्रगती कंपनीच्या सर्व्हरवर आपोआप जपली जाते, त्याचे वेगळे पैसे नाहीत. सोनीच्या प्लेस्टेशन 5 वरही गेम काढला तरी प्रगतीची फाइल यंत्रातच राहते. ज्या कारणाने मुलं अकरा-अकरा गेम उराशी धरून बसतात, ते कारणच नाही.

आता पैशाचं बोलू, कारण माझा मुख्य आक्षेप तिथे आहे.

सुरुवातीच्या काळात अमेरिकेत सिरीज एस 299 डॉलरला होती आणि कार्ड 220 ला. बेरीज 519. त्याच वेळी सिरीज एक्स 499 डॉलरला होती, म्हणजे वीस डॉलर कमी देऊन जास्त ताकदीचं यंत्र, एक टीबीची एसएसडी आणि तबकडीची सोयही. स्वस्त म्हणून एस घ्यायची आणि मग तिला कार्ड जोडायचं, हा व्यवहार पहिल्या दिवसापासून तोट्याचा होता. बाजूला हेही सांगतो, की एस वाईट यंत्र आहे असं माझं म्हणणं नाही. छोट्या घरात, छोट्या टीव्हीला ती उत्तम आहे. पण तिची जागा छोटी आहे हे धरूनच ती स्वस्त होती.

दुसरा पुरावा तर खुद्द मायक्रोसॉफ्टनेच दिला. 1 सप्टेंबर 2023 रोजी एक टीबीची काळ्या रंगाची सिरीज एस आली, 349.99 डॉलरला. बाकी सगळं तसंच, फक्त जागा 512 जीबीने जास्त. म्हणजे त्या वाढीव 512 जीबीची किंमत कंपनीने 50 डॉलर धरली. तेवढ्याच, 512 जीबीच्या कार्डाला 2021 च्या नोव्हेंबरमध्ये सीगेटने 139.99 डॉलर लावले होते. मधली दोन वर्षं आणि स्वस्त झालेल्या चिप धरल्या, तरी हे अंतर भरून निघत नाही. तंत्रज्ञान अवघड असल्यामुळे किंमत जास्त आहे, असं कार्डाचे समर्थक सांगतात. खरं तर किंमत जास्त राहिली, कारण ती खाच बंद होती. नोव्हेंबर 2020 पासून जून 2023 पर्यंत, दोन वर्षं सात महिने, त्या खाचेत बसणारं कार्ड जगात एकच कंपनी विकत होती. जूनमध्ये वेस्टर्न डिजिटलचं सी50 आलं, एक टीबी 149.99 ला आणि 512 जीबी 79.99 ला. दुसरा दुकानदार आला, आणि तीच वस्तू साठ-सत्तर डॉलर कमी भावाने मिळू लागली.

यावर एक मित्र म्हणाले, कन्सोल असंच असतं, सगळ्याच कंपन्या हे करतात. तसं नाही. सोनीने 2006 च्या प्लेस्टेशन 3 मध्ये लॅपटॉपला लागणारी साधी अडीच इंची डिस्क बसवता येईल अशी सोय केली होती, प्लेस्टेशन 4 मध्येही. मधे प्लेस्टेशन व्हिटा या हातात धरून खेळायच्या यंत्राच्या वेळी तीच सोनी भलत्या वाटेने गेली. व्हिटासाठीच काढलेली कार्डं, आणि 32 जीबीला अमेरिकेत 99.99 डॉलर. ती कार्डं आजच्या कोणत्याही यंत्रात लागत नाहीत. प्लेस्टेशन 5 मध्ये सोनी पुन्हा शहाण्या वाटेवर आली. सप्टेंबर 2021 च्या अपडेटनंतर त्यात बाजारातली कोणतीही योग्य एम.2 एसएसडी बसते. अट आहे चौथ्या पिढीची पीसीआयई, सेकंदाला 5,500 एमबीचा वेग ही शिफारस, आणि उष्णता शोषणारी पट्टी. बसवायला झाकण काढावं लागतं, एक-दोन स्क्रू फिरवावे लागतात. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत दहा दुकानांत दहा कंपन्यांच्या एसएसडी विचारून, घासाघीस करून घेता येते. आणि पुढे कन्सोल विकला, तर तीच एसएसडी काढून मुलाच्या कॉलेजच्या कॉम्प्युटरला लावता येते. एक्सबॉक्सचं कार्ड एक्सबॉक्सशिवाय कुठेच लागत नाही. यंत्र बिघडलं किंवा विकलं, की कार्ड खणात.

तरीही, जागा वाढवणाऱ्या वस्तूंवर पैसे घालूच नयेत असं सरसकट म्हणणाऱ्यांच्या बाजूलाही मी नाही. जागा भरली की पूस, असा सल्ला देणाऱ्याला स्वतः शंभर जीबी कधी उतरवावे लागलेले नसतात. ज्याच्या सुरुवातीच्या प्लेस्टेशन 5 मधले 667 जीबी खरोखर भरलेत, त्याने एम.2 एसएसडी जरूर घ्यावी. ते पैसे वाया जात नाहीत. आणि एक्सबॉक्सच्या बाबतीतही एक घर मी डोळ्यासमोर ठेवतो. भाऊ, बहीण आणि वडील, तिघंही खेळणारे, तिघांचे तीन-तीन मोठे नवे गेम चालू, रोज संध्याकाळी एकामागून एक बसणारे. तिथे सतरा मिनिटं रोज जातील आणि भांडणं रोज होतील. तिथे ओटाच कमी पडतोय, कार्ड घ्यावं. अशा घराने ते दोन्ही कंपन्यांचे भाव पाहून घ्यावं, आणि अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून आणवण्याआधी वॉरंटी इथे चालते का, ते विचारून घ्यावं. भाच्याच्या एका मित्राने तसं कार्ड मागवलं. ते चार महिन्यांत बंद पडलं, आणि बदलून मिळण्यासाठी ते परत तिकडेच पाठवा, असं उत्तर आलं.

पण अशी घरं थोडी. बहुतेक ठिकाणी एक मुलगा, दोन चालू गेम, आणि गेम पासवर (महिन्याची वर्गणी भरून मिळणाऱ्या गेमच्या यादीत) दिसला म्हणून उतरवलेला, एकदा उघडून सोडून दिलेला बाकीचा ढीग. त्या ढिगासाठी कार्ड घेऊ नका. साधी डिस्क त्याहून बऱ्याच स्वस्तात येते, आणि एक्सबॉक्स गेला तरी पुसून घरच्या कामाला येते.

तुमच्या घरी हा विषय निघाला असेल, तर दुकानात जाण्याआधी मुलाला शेजारी बसवा. यंत्रातली गेमची यादी उघडा, शेवटचं कधी खेळलं त्या क्रमाने लावा, आणि दोन महिन्यांत न उघडलेले गेम एका साध्या डिस्कवर हलवा. त्यानंतर तीन महिने थांबा. तेव्हाही त्याने आत जागा नाही म्हणून दाखवलं, आणि आतले सगळे गेम खरोखर चालू असले, तर त्याला कार्ड घेऊन द्या. भाच्याने डिस्क घेतली त्याला वर्ष होत आलं. त्याचा परत फोन आला तो दहावीच्या निकालाचा.