उभ्या माणसाचं सॉफ्टवेअर

गेल्या वर्षी आमच्या मिनी प्रोजेक्टला पन्नासपैकी अठ्ठेचाळीस मार्क मिळाले. त्याच आठवड्यात त्याच प्रोजेक्टमुळे एका माणसाच्या खिशातून अकराशे पन्नास रुपये गेले. पहिली बातमी डिपार्टमेंटच्या नोटीस बोर्डावर लागली होती, त्यामुळे ती सगळ्यांना माहीत आहे. दुसरी आज सांगते.

ग्रुपमधल्या एकीच्या वडिलांच्या ओळखीने आम्हाला लालबागच्या एका पतसंस्थेचं काम मिळालं. (नाव लिहीत नाही. चूक त्यांची नव्हती, आमची होती.) संस्थेचे सहा पिग्मी एजंट. पिग्मी म्हणजे काय हे होस्टेलवरच्या सगळ्यांना ठाऊक असेल असं नाही, मलाही नव्हतं. दुकानदार, फेरीवाले, फुलवाल्या रोज पन्नास, शंभर, जमतील तेवढे रुपये बाजूला टाकतात आणि ते घ्यायला एजंट स्वतः त्यांच्याकडे जातो. ज्यांना गल्ला सोडून बँकेत जाता येत नाही त्यांच्याकडे बँकच चालत येते. सिंडिकेट बँकेने, म्हणजे तेव्हाच्या कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेटने, १९२८ साली ही योजना काढली, दिवसाला दोन आण्यांपासून. ती बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली, पण तिच्या योजनेचं नाव आपल्याकडे रोजच्या बचतीचंच नाव होऊन बसलं आहे. वनस्पती तुपाला डालडा म्हणतात ना, तसं.

या एजंटांकडे हातात धरायची जुनी मशीन्स होती. एसटीच्या कंडक्टरकडे असायची तशीच. रबरी बटणं, दोन-चार ओळींचा पडदा, वरून बाहेर येणारा कागदाचा रोल. सकाळी ऑफिसात वायर जोडून खात्यांची यादी मशीनमध्ये भरायची, दिवसभर फिरायचं, संध्याकाळी पुन्हा वायर जोडून दिवसाची वसुली उतरवून घ्यायची. मशीनची बेरीज आणि पिशवीतली रोकड जुळली की भरणा. मध्ये नेटवर्क नावाची भानगडच नाही. पण ही मशीन्स दुरुस्त करणारं आता कोणी मिळत नव्हतं, म्हणून संस्थेला मोबाईल ॲप हवं होतं. आम्ही चौघी जाम खूश. डबडं टाकायचं आणि ॲप द्यायचं, त्यात काय कठीण?

ॲपमध्ये आम्ही काय काय टाकलं होतं म्हणून सांगू! ओटीपीने लॉगिन, डॅशबोर्ड, वसुलीचा पाय चार्ट, डार्क मोड. पैसे घेतले की एंट्री त्याच क्षणी सर्व्हरवर, आणि खातेदाराला एसएमएस. रिपोर्टमध्ये 'रिअल टाइम' हा शब्द आम्ही किती वेळा लिहिला होता ते मोजत नाही. सगळं टेस्टिंग लॅबमध्ये केलं. लॅबच्या वायफायवर, एसीत, खुर्चीत बसून.

मग मे महिन्यात एक दिवस पिग्मीवाल्या काकांबरोबर फिरायला गेले. खरं सांगायचं तर रिपोर्टला फोटो हवे होते म्हणून गेले. मे महिन्यात लालबागची मसाला गल्ली ज्यांनी पाहिली नाही त्यांना कसं सांगू? अख्ख्या मुंबईच्या बायका वर्षाचा मसाला करायला तिथे आलेल्या असतात, डंक धडधडत असतात, आणि हवेतच मिरची असते. मी पहिल्या पाच मिनिटांत अकरा वेळा शिंकले. काकांच्या एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात फोन, बोटांना घाम आणि घामावर मसाल्याचा थर. आमची नाजूक बटणं त्या बोटाला दाद देईनात. जुन्या मशीनची रबरी बटणं ते न बघता दाबायचे. नजर समोरच्या गिऱ्हाइकावर आणि नोटांवर. आता त्यांना फोनकडे बघावं लागत होतं, आणि नोटा मोजताना फोनकडे बघणं हे पिग्मीवाल्याला परवडत नाही.

भाषेचीही फजितीच. मी कॉन्व्हेंटमधली, शाळेत मराठी लोअर. ग्रुपमध्ये त्यातल्या त्यात बरं मराठी माझं, म्हणून ॲपमधला मजकूर मी लिहिला होता. 'कृपया रक्कम प्रविष्ट करा.' काकांनी ते मोठ्याने वाचलं, दुकानदार हसला. काका म्हणाले, "मॅडम, 'किती रुपये' एवढं लिहा की. प्रविष्ट करेपर्यंत माणूस पुढे जाईल." एसएमएसही मी असाच लांबलचक लिहिला होता. तेव्हा कळलं की इंग्रजीत एका एसएमएसला १६० अक्षरं मिळतात आणि देवनागरीत फक्त ७०, त्यातही काना, मात्रा, वेलांटी प्रत्येकी वेगळी मोजतात. माझ्या एका पावतीचे तीन एसएमएस होत होते आणि संस्था तिन्हींचे पैसे भरत होती.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण पुढचं नाही.

दादरला केशवसुत उड्डाणपुलाखाली फुलबाजारात काकांची बरीच खाती आहेत. सकाळची गर्दी, ओल्या पाट्या, आणि आमच्या फोनला तिथे नेटवर्क येऊन-जाऊन. काका रक्कम टाकून सेव्ह दाबत. एंट्री सर्व्हरवर पोचे, पण पोचल्याचा निरोप फोनपर्यंत परत येत नसे. मग आमचं हुशार ॲप लाल अक्षरांत सांगे, 'पुन्हा प्रयत्न करा.' काका आज्ञाधारक माणूस. ते पुन्हा प्रयत्न करत. सर्व्हरवर दुसरी एंट्री. संध्याकाळी ॲपची बेरीज रोकडीपेक्षा जास्त. संस्थेचा नियम साधा आहे. कमी पडले तर एजंटने भरायचे.

चार दिवस काका गुपचूप भरत राहिले. आम्हाला बोलले नाहीत, संस्थेतही नाहीत. कारण ॲप चुकू शकतं असं त्यांच्या मनातही आलं नाही. त्यांना वाटलं आपणच मोजायला चुकतो आहोत. "वय झालं, म्हटलं," ते नंतर मला म्हणाले. वीस वर्षांहून जास्त काळ दुसऱ्यांचे पैसे मोजणारा माणूस चार रात्री घरी नोटा मोजायची प्रॅक्टिस करत होता. मला त्या अकराशे पन्नास रुपयांपेक्षा याची लाज जास्त वाटते.

चूक उघडकीला आली ती झेंडू विकणाऱ्या एका मावशींमुळे. त्यांना वाचता येत नाही. मुलीने मेसेज वाचून दाखवला तेव्हा पाचव्या दिवशी त्यांनी काकांना थांबवलं, "मी एकदाच दिले, दोनदा कसे जमा झाले? माझे नाहीत ते, काढून टाका."

त्याच आठवड्यात आमचा फायनल रिव्ह्यू झाला. लॅबमध्ये. ॲप लोण्यासारखं चाललं. एक्सटर्नल सरांनी विचारलं, यात मशीन लर्निंग का नाही? दुसऱ्यांनी विचारलं, ब्लॉकचेन वापरता येईल का? नेटवर्क गेलं तर काय होतं, हे कोणी विचारलं नाही. आणि मुद्दाम सांगते, आम्हीही एकमेकींना कधी विचारलं नव्हतं. म्हणून फक्त सरांना नावं ठेवत नाही.

त्यानंतर मी सुट्टीत जुन्या हँडहेल्ड यंत्रांबद्दल जरा वाचलं, आणि वाचता वाचता चरफडले. कारण आम्ही जिथे तोंडावर पडलो ते कोडं पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच सुटलं होतं! १९९६ साली पाम पायलट आला. पडदा १६० बाय १६० ठिपक्यांचा, सगळ्यात स्वस्त मॉडेलची मेमरी १२८ केबी, आणि चालायचा दोन पेन्सिल सेलवर. आपल्या मेसच्या मेनूचा व्हॉट्सॲपवरचा फोटो त्या मेमरीत मावणार नाही. पण त्यात साठवलेल्या प्रत्येक नोंदीला स्वतःचा वेगळा क्रमांक असे, आणि गेल्या जुळवणीनंतर ती बदलली की नाही याची खूण असे. यंत्र स्टँडवर ठेवून बटण दाबलं की फक्त खूण असलेल्या नोंदी कॉम्प्युटरशी जुळवल्या जात. म्हणजे नेटवर्क नसणं हा तिथे अपघात नव्हता. ते गृहीतच धरलेलं होतं. आमच्या ॲपमध्ये पावतीचा क्रमांक सर्व्हर देत होता. तो फोननेच दिला असता, आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने सोडून दिला असता, तर काकांचा एक रुपया गेला नसता. नंतर तसं केलं. एका दुपारचं काम.

पामची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. तो बनवण्याआधी जेफ हॉकिन्स हा त्याचा कर्ता त्या मापाचा लाकडाचा ठोकळा खिशात घालून फिरायचा. मीटिंगमध्ये कोणी तारीख विचारली की ठोकळा काढायचा आणि लिहिल्यासारखं करायचा. लोक वेडा म्हणत असतील. पण खिशातून काढायला किती वेळ लागतो, एका हातात पेला असला तर काय होतं, हे त्याला एक ओळ कोड लिहायच्या आधी कळलं. आम्ही कोड आधी लिहिला आणि ठोकळा काकांच्या हातात दिला.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतलं काय सांगते. बरं, कोल्हापूरकडचं घ्या. वारणानगरला १९९८ साली साखर कारखान्याच्या परिसरातल्या सत्तर गावांसाठी संगणक केंद्रांचा मोठा प्रकल्प सुरू झाला. शेतकरी मुख्यतः काय बघायला येत? आपला ऊस किती टन गेला, खत किती उचललं. तेवढ्यासाठी गावोगावी कॉम्प्युटर सांभाळणं महाग पडत होतं. २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या मंडळींनी सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. कारखान्यातल्या कॉम्प्युटरला एक फोन जोडला, आणि शेतकऱ्याने आपल्या फोनवरून एसएमएस पाठवला की त्याच्या खात्याची माहिती एसएमएसनेच परत. केंद्र उघडायची वाट बघणं नाही. स्वस्त पडलं, आणि शेतकऱ्यांना जास्त आवडलं. त्यात ॲप नव्हतं, पाय चार्ट तर नव्हताच. आधी माणूस बघितला, मग त्याच्या खिशात आधीच काय आहे ते बघितलं.

जुनं ते सोनं असं मात्र मी म्हणत नाही. काकांच्या जुन्या मशीनच्या पावतीवरची शाई काही महिन्यांत उडून जायची. मावशींच्या प्लास्टिकच्या पिशवीत कोऱ्या कागदांचा गठ्ठा होता, पै पै साठवल्याचा तेवढाच पुरावा! आणि यंत्र चांगलं असून भागत नाही, ते दुरुस्तही व्हावं लागतं. बेस्टचंच बघा ना. २०१० च्या सुमारास कंडक्टरांच्या हाती तिकिटाची मशीन्स आली, आणि काही वर्षांनी ती बंद पडायला लागल्यावर पुन्हा कागदी तिकिटांचे गठ्ठे आणि पंचची टिकटिक. एप्रिल २०२२ मध्ये गेटवे ते चर्चगेट मार्गावर कार्ड टॅप करून चढा-उतरायची बस आली तेव्हा पेपरात केवढं कौतुक. कौतुक जरूर करावं. पण मला आता प्रत्येक वेळी पहिला प्रश्न पडतो, की परळ टीटीला भर पावसात, गच्च भरलेल्या बसमध्ये हे यंत्र अडलं तर कंडक्टरच्या हातात दुसरं काय आहे? बेस्टकडे निदान कागद तरी होता. आम्ही काकांना कागदही ठेवला नव्हता.

आता आपल्या डिपार्टमेंटविषयी. सिनॉप्सिसच्या फॉर्ममध्ये 'हार्डवेअर रिक्वायरमेंट' असा रकाना असतो. आम्ही सगळे त्यात आठ जीबी रॅम लिहितो. आमच्या सीनियर्सनीही तेच लिहिलं होतं, त्यांच्या फाइलवरूनच तर आम्ही उतरवलं. त्याच्या खाली आणखी एक रकाना घाला अशी माझी विनंती आहे. हे वापरणारा माणूस उभा असतो की बसलेला, त्याचे किती हात मोकळे असतात, आणि चूक झाली तर पैसे कोणाच्या खिशातून जातात. आणि हा रकाना त्या माणसाबरोबर निदान तीन दिवस काढल्याशिवाय भरता येणार नाही असा नियम करा. एका सरांशी बोलले तर ते म्हणाले, कल्पना छान आहे, पण याला मार्क कशात बसवायचे? सर, पाय चार्टला ज्यात बसवले त्यातच बसवा.

पैशांचं राहिलं. आम्ही चौघींनी वर्गणी काढून काकांना अकराशे पन्नास रुपये नेऊन दिले. मला वाटलं होतं ते नको-नको म्हणतील. म्हणाले नाहीत. दोनदा मोजले आणि खिशात ठेवले. ॲप आता नेटवर्कशिवाय चालतं, बटणं अंगठ्याएवढी आहेत, कमरेला छोटा प्रिंटर आहे. तरी काका प्रत्येक रक्कम पेन्सिलीने डायरीत लिहितात. मी हे ॲपचं अपयश समजत होते. परवा ती डायरी मागून घेतली आणि तिची पानं चाळली. कोण कधी देतं, कोण सणाआधी जास्त टाकतं, कोणाला दोन दिवस विचारायचं नाही कारण घरी आजारपण आहे, सगळं त्यात बारीक अक्षरांत आहे. यातलं काय ॲपमध्ये यावं आणि काय येऊच नये, यावर आमच्या ग्रुपमध्ये अजून भांडणं चालू आहेत.

यंदाच्या थर्ड इयरपैकी कोणाला हे काम पुढे न्यायचं असेल तर काकांची हरकत नाही, मी विचारून ठेवलं आहे. शनिवारी सकाळी साडेसातला ते पुलाखाली झेंडूच्या रांगेपासून सुरुवात करतात. लॅपटॉप आणू नका, आणि चपला घालू नका, तिथे फार ओलं असतं.