पाऊस दोन्ही गावांवर सारखाच पडला



अमेरिकेतला शेतकरी म्हटला की हजार एकरांचा धनी आणि त्याचा अवजड ट्रॅक्टर डोळ्यांसमोर येतो. आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलो, तेव्हा पुस्तकातही तोच होता. कॅन्सस राज्यातले निकोडेमस हे गाव त्या पुस्तकात नव्हते.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. पुढे चारच वर्षांनी, १८७७ मध्ये, त्या मुक्त झालेल्या गुलामांनी हे गाव वसवले. केंटकीतून सुमारे तीनशे माणसे निघाली. १८६२ च्या कायद्याने १६० एकर सरकारी जमीन मिळत होती; पाच वर्षे राहायचे, कसायचे, मग सातबारा आपल्या नावावर. (ही जमीन आधी तिथल्या आदिवासींकडून घेतलेली होती, हेही सांगितले पाहिजे.) गोरा दलाल डब्ल्यू. आर. हिल आणि काळे धर्मोपदेशक डब्ल्यू. एच. स्मिथ यांच्या कंपनीने जाहिराती वाटल्या होत्या. लोक एलिस स्टेशनवर उतरून माळ तुडवत पोचले, तर गाव म्हणजे जमिनीत खोदलेली भुयारे! कित्येक कुटुंबे तिथूनच परतली.

राहिले त्यांचे काय झाले असेल, ते कोरडवाहू शेतकऱ्याला सांगायला नको. केंटकीत वर्षाला पंचेचाळीस इंच पाऊस, इथे वीस-बावीस. गवताच्या मुळांनी जमीन अशी विणलेली, की फोडायला बैलांच्या जोड्या लागाव्यात. बैल-घोडे बोटांवर मोजण्याइतके. माणसांनी कुदळ-फावड्याने नांगरणी केली. पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज आदिवासींनी मांस दिले म्हणून तगलो, असे तिथली जुनी माणसे सांगत. तरीही दहा वर्षांत गावात शाळा, चर्च, हॉटेल, बँक आणि दोन वर्तमानपत्रे झाली. या गावचे एडवर्ड मॅकेब १८८२ मध्ये निवडून येऊन राज्याचे ऑडिटर झाले.

मग प्रश्न आला माल बाजारात नेण्याचा. १८८७ मध्ये लोकांनी मतदान करून मिसूरी पॅसिफिक रेल्वेसाठी १६,००० डॉलरचे रोखे मंजूर केले. म्हणजे रूळ आपल्या गावावरून टाका, पैसा आम्ही करातून भरतो. भुयारातून दहा वर्षांपूर्वी वर आलेली ही माणसे! कंपनी आली नाही. पुढच्या वर्षी युनियन पॅसिफिकने रूळ टाकले ते सॉलोमन नदीच्या पलीकडे, काही मैलांवर. तिथे बोग नावाचे गाव उभे राहिले. निकोडेमसचे दुकानदार दुकाने उचलून तिकडे गेले.

इतिहास लिहिणारे या गावाच्या ओहोटीची कारणे सांगताना दुष्काळ सांगतात, पुढे १९३० नंतरची धुळीची वादळे सांगतात. ती खोटी नाहीत. त्या वर्षांत कॅन्ससची माती खरोखरच उडाली. पण आम्ही शेतीशास्त्राचे विद्यार्थी म्हणून एकच विचारतो. नदीच्या दोन काठांवर पाऊस वेगळा पडत होता काय? माती वेगळी होती काय? बोगला स्टेशन मिळाले, तिथे बाजार झाला. निकोडेमसला ते मिळाले नाही, तिथले पोस्टसुद्धा १९५३ मध्ये बंद झाले. बोग आजही लहानच आहे, त्या माळावरची बहुतेक गावे आटली आहेत. पण कोण आधी आटले आणि का, हे निसर्गावर ढकलून मोकळे होता येत नाही. तो निर्णय कचेरीत बसलेल्या माणसांनी घेतला, आणि कर भरायला तयार असलेल्यांना विचारले नाही.

पुढची गोष्ट तर एका गावाची राहत नाही. १९२० च्या सुमाराला साऱ्या अमेरिकेत काळे शेतकरी नऊ लाखांवर होते. १९९७ च्या शेती गणनेत त्यांची शेते अठरा हजारांच्या आसपास उरली. त्याच वर्षी त्यांनी अमेरिकेच्या शेतीखात्यावर दावा लावला. गोऱ्या शेजाऱ्याला कर्ज वेळेवर मिळते, आम्हाला पेरणी उलटून गेल्यावर मिळते, नाहीतर मिळतच नाही, अशी तक्रार होती. १९९९ मध्ये तडजोड झाली, बहुतेकांना पन्नास हजार डॉलर ठरले. पन्नास हजारांत गेलेली जमीन परत येते का, याचा हिशेब ज्याने एकदा तरी जप्तीची नोटीस पाहिली आहे त्याने करावा.

१९९६ मध्ये सरकारने निकोडेमसला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ जाहीर केले. तिथे पाट्या आहेत, माहिती सांगणारे कर्मचारी आहेत. राहणारी माणसे मूठभर. दरवर्षी जुलैच्या शेवटी मात्र मूळ घराण्यांची लेकरे-नातवंडे देशभरातून तिथे जमतात, जेवणावळी होतात, आणि मग ज्याची त्याची गाडी परत शहराकडे लागते.